पाटाच्या नवरीचं काजळ

४ डिसेंबर १९३५, लोणावळे

माझ्यावर घोर अन्याय झालेला आहे. नव्या वहाणा करकरतात! वंगण संपलेल्या बैलगाडीसारख्या. परिणाम असा, की मी व्हरांड्यात पाऊल टाकण्याआधीच तिसरीतल्या सगळ्या मुली सावित्री होऊन बसलेल्या. पाटीवर मान, ओठांवर कविता. जिला आठवडाभरात एकसुद्धा खोडी पकडता आली नाही त्या मास्तरणीनं जगावं कशासाठी?

चांभाराकडे गाऱ्हाणं नेलं. म्हणतो, "नवं चामडं बोलतंच, बाई. तुमच्या पायात गेलंय म्हंजी जरा जास्तच बोलनार."

इथली हवा फार चांगली म्हणतात. चांभारालासुद्धा मानवली आहे.

५ डिसेंबर

वहाणा हातात घेऊन शाळेत शिरले. मुली नाही सापडल्या — कस्तुरा सापडली. आमच्या कन्याशाळेत ती घरोघर फिरून मुली गोळा करते, पाणी भरते, घंटा देते. भुशी गावची. पंचविशीची असेल. कपाळ माझ्यासारखंच मोकळं. ती शिवणाच्या खोलीतल्या आरशापुढे उभी राहून कोळशानं डोळे रेखत होती!

दचकली. कोळसा थेट नाकावर.

"डोळे आहेत का चूल, गं?"

हसली नाही. पदरानं पुसायला लागली, तसतसं ते पसरत गेलं. मग सगळं बाहेर आलं. कामशेतच्या कोंडाजीशी तिचा पाट ठरलाय. त्यांच्यात रांडमुंड बाईला दुसरा घरोबा करता येतो, त्याला पाट म्हणतात; पण लागतो तो अंधाऱ्या पंधरवड्यात, रात्री, चोरासारखा.

"पाटाच्या नवरीला सवाशीण शिवत न्हाई, बाई. तोंड चुकवत्यात. मग डोळं भरायचं कुणी? भावजयीला इचारलं, तर म्हंली, माजं कुकू काय उतू चाललंय व्हय?"

पहिलं लग्न आठव्या वर्षी. तेव्हा पाच सवाष्णींनी काजळ घातलं होतं. हिला झोप आली, डोळे चोळले, सगळं तोंड काळं. नवऱ्यानं हिला धड पाहिलं नाही, हिनं त्याला नाही. पुढे तो पटकीत गेला.

"ह्या खेपंला त्यानं बगावं मला. कोरड्या डोळ्यानं न्हाई जायाची मी." मग माझ्याकडे रोखून, "तुमी घालाल का? तुमी बी माज्यासारक्याच. तुमास्नी काय बाधायचं?"

इतका सरळ अपमान आजवर कुणी केला नव्हता. आवडला.

"बघू" म्हटलं. शिकलेली माणसं "नाही" हे असंच म्हणतात.

७ डिसेंबर

ही बाई लोकांच्या डोळ्यांत अंजन घालते! पुण्याच्या साप्ताहिकात माझे चार तिखट लेख आले तेव्हापासून गावात अशी माझी ख्याती. काय गंमत! खरं अंजन बोटावर घेऊन मी कुणाच्याच डोळ्यांत घातलेलं नाही. तेराव्या वर्षी काजळाला मुकले. तोवर आईच घालायची. बोट गार असायचं, तेवढं आठवतं.

दुपारी वह्या तपासायच्या सोडून खिडकीत बसले. दरीतून धुकं वर येत होतं. आधी खालची झाडं गेली, मग रूळ, मग समोरचं घर. गाडीची शिटी तेवढी उरली — जागा सोडून भटकणारी. धुक्यात बघताना डोळे उघडे आहेत की मिटलेले, कळत नाही. बराच वेळ कळू दिलं नाही.

८ डिसेंबर, रविवार

काजळ पाडायला बसले! कशासाठी ते स्वतःला विचारलं नाही.

इंजिनं विजेची झाल्यापासून लोणावळ्यात काजळीचाही दुष्काळ. पूर्वी वाळत घातलेल्या लुगड्यावर फुकट मिळायची. असो. घासलेटाच्या चिमणीवर ताटली धरली — वास असा, की कोंडाजी मांडवातून पळेल. मग गोडं तेल घेतलं. ताटली फार खाली धरली, दिवा गुदमरला. फार वर धरली, ताटली कोरी राहिली, पोलीसठाण्यातल्या हवालदाराच्या वहीसारखी.

१० डिसेंबर

लीलाबाईंनी मधल्या सुट्टीत बोटं पाहिली. त्या दुसरीला शिकवतात. लेकुरवाळ्या, ठसठशीत कुंकवाच्या.

"काजळ पाडता म्हणे? कुणासाठी?"

"फळ्यासाठी. पांढरा पडत चाललाय."

"थट्टा नको. कस्तुरा बोलली मला. शाळेच्या कमिटीला कळलं तर? विधवा मास्तरीण, पाटाला जाऊन — नोकरी जाईल हो!"

"अकरा वर्षं कमिटीच्या डोळ्यांत अंजन घालतेय. त्यांना कुठे काही दिसलं?"

बोलले खरी. पण या शाळेवाचून मला दुसरं घर नाही.

संध्याकाळी लीलाबाईंच्या मोलकरणीनं एक बाटली आणून दिली. एरंडेल. "बाईसायबांनी सांगितलं, बाळाचं उरलंय. कुणी दिलं ते इसरा."

११ डिसेंबर

जमलं! एरंडेल, सुती वात, वर तांब्याची ताटली, ज्योतीचं टोक नुसतं भिडेल इतकी. सकाळी उलटी करून पाहिली तर मऊ काळी साय धरलेली. पाकोळीच्या पंखावर असते तशी भुकटी. श्वास सोडवेना — उडेल म्हणून. धुतलेल्या लोण्यात कालवलं आणि तसंच बघत बसले. एवढंसं काळं, आणि त्याला केवढी खोली!

शाळेला उशीर झाला. मुलींनी आनंद मानला.

१४ डिसेंबर

शाळा सुटल्यावर शिवणाच्या खोलीत रंगीत तालीम. आधी कस्तुराची पापणी फडफडली, मग माझं बोट घसरलं. खालची पापणी हलकेच ओढायची, करंगळी नाकाकडच्या कोपऱ्यातून बाहेर न्यायची, मध्ये थांबायचं नाही. थांबलं की डाग. मग कोपऱ्याबाहेर रेघ — किंचित वर चढती. खाली उतरली तर नवरी रडकी दिसते. आमच्या मुख्याध्यापिकाबाई जन्मतःच खालच्या रेघेच्या.

"वर बघ. लांबचं काहीतरी आठव."

"काय आटवू?"

"कोंडाजी."

"त्यो कुटं लांब हाय? कामशेतात तर हाय!"

हसली, डोळ्यांत पाणी आलं, सगळं वाहून गेलं. पुन्हा पहिल्यापासून.

१९ डिसेंबर

उद्या. वहाणा बऱ्याच गप्प झाल्या आहेत. मी झालेले नाही — मनातल्या मनात कमिटीला उत्तरं देतेय.

२० डिसेंबर

दिवस कलताना भुशीला गेले. घरात कस्तुरा आणि तिची मावशी विठाबाई — तीही आमच्याच पंगतीतली. बाकी बायका आधीच तोंडं चुकवून शेजारी.

विठाबाई मला बघून म्हणाली, "बया! बामनाची मास्तरीण पाटाला आली! आता कोंबडीबी सोवळ्यात अंडं घालंल."

"घातलं तर आधी मला दाखवा. साप्ताहिकात छापीन."

कस्तुराला दारापाशी बसवलं. ऊन तिच्या तोंडावर आलं होतं. वर बघ म्हटलं नाही, तरी तिनं बघितलं. बोट घसरलं नाही. एक डोळा भरला, आणि ती अर्धी नवरी झाली — एका बाजूनं रोजची कस्तुरा, दुसऱ्या बाजूनं कुणीतरी बाई, जिला मी ओळखत नव्हते. मग दुसरा. ती माझ्याकडे बघत राहिली. सगळं आभाळ दोन रेघांच्या आत येऊन थांबल्यासारखं वाटलं.   

बोट पुसायला लागले तर विठाबाईनं हात धरला. "पुसू नगा. ज्यीनं पाडलं, त्यीनं आदी आपल्या डोळ्याला लावायचं आसतंय. न्हाई तर काजळाचं उसनं ऱ्हातं."

"राहू दे माझ्याकडे."

"ऱ्हाऊ द्या. पर उसनं वाडतं, मास्तरीणबाई."

अंधार पडायच्या आत निघाले. वाटभर बोट लुगड्याला लागू दिलं नाही.

२३ डिसेंबर

कस्तुरा हिशेब उरकायला आली. शाळा सोडणार, कामशेतला नांदणार. कोंडाजी फाटकापाशी उभा, टोपी हातात. तिच्या डोळ्यांतलं काजळ थोडं फिकटलंय, पण आहे.

"बघितलं का त्यानं?"

"लय. कंदील वर धरला आन् बगतच ऱ्हायला. मावशी वरडली, आरं मुडद्या, त्याल जळतंय!"

"आणि तू?"

"मीबी. सावकाश."

लीलाबाई व्हरांड्यातून हळूच डोकावल्या. सवाष्णीनं बघायचं नसतं ते पोटभर बघून घेतलं.

घंटा आज मीच दिली. फार वेळ देत राहिले बहुतेक. मुली बाहेर येऊन बघायला लागल्या.

२५ डिसेंबर

नाताळची सुटी. दार लावून काजळाचं उसनं फेडलं. दोन्ही डोळ्यांचं.

मग दार उघडलं, आणि तशीच बाजारात गेले.