अनोळखी बाई, परळ

आई, तुला कॅमेऱ्यातलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायची हौसही नव्हती, तरी आज कॅमेऱ्याबद्दलच लिहायला बसले आहे. तू गेलीस तेव्हा मी नुकतीच एका जाहिरात कंपनीत चिकटले होते. त्यानंतर नोकऱ्या बदलत गेले. आता ज्या कंपनीत आहे ती परदेशातली, फार जुनी, आणि कॅमेऱ्यांशिवाय दुसरं काही न बनवणारी. तिचं मुंबईतलं ऑफिस कुठे आहे ते ऐकलंस तर हसशील. आपल्या चाळीमागे ज्या गिरणीचा भोंगा व्हायचा, तिथे आता काचेची इमारत उभी आहे. तिच्यात अगदी वर मी बसते. माझ्या खिडकीतून आपल्या चाळीची कौलं दिसतात, गळतीसाठी टाकलेलं निळं प्लास्टिक दिसतं, गच्चीवरच्या दोऱ्यांवर वाळणारे कपडे दिसतात. पहिल्या दिवशी मी तिकडे बघत उभी राहिले. दुसऱ्या दिवशी खुर्ची फिरवून घेतली. डोळ्यांवर उजेड येतो, असं शिपायाला सांगितलं.

कंपनीचं बरं चाललं आहे, म्हणजे फारच बरं. कॅमेऱ्याचे फोन आले तेव्हा सगळे म्हणत होते की आता कॅमेरा कोण घेणार. झालं उलटंच. आमच्या कॅमेऱ्यांचे भाव दरवर्षी चढतात आणि गिऱ्हाईकही दरवर्षी वाढतं. एक मॉडेल तर नाव नोंदवून महिनोन्‌महिने थांबल्याशिवाय मिळत नाही, आणि थांबावं लागतं याचाच लोकांना आनंद होतो. आमचे डायरेक्टर मीटिंगमध्ये म्हणतात, "फोनने सगळ्यांना फोटोग्राफर केलं. ज्यांना सगळ्यांसारखं व्हायचं नाही, ते आपले." त्या आपल्या लोकांशी बोलणं हे माझं काम. कॅमेरा घेतल्यावर त्यांना काय वाटलं, काय सापडलं, ते विचारायचं, लिहून काढायचं, छापायचं. माणसं मनापासून बोलतात गं. गिरगावात एक निवृत्त गृहस्थ आहेत. बायकोची स्मृती जात चालली तेव्हापासून ते रोज सकाळी तिचा एक फोटो काढायचे. "का काढत होतात?" असं मी विचारलं. म्हणाले, "ती मला ओळखेनाशी झाली. म्हटलं, आपण तरी तिला नीट बघून घ्यावं." ते ऐकून मी घरी येऊन रडले होते. सगळंच खोटं आहे असं तुला सांगायचं नाही.

ऑफिसात मला विचारतात, तू मुंबईत कुठली? मी म्हणते, दादर. दादर आणि परळ लागून तर आहे, असं मी स्वतःला सांगते. पण तुला ठाऊक आहे, या दोन उत्तरांमध्ये किती अंतर असतं ते. दादर म्हटलं की पुढचा प्रश्न येत नाही.

मला मॅट्रिकला चांगले मार्क मिळाले तेव्हा तू मला गिरगावातल्या स्टुडिओत घेऊन गेलीस, तो दिवस मला अजून स्वच्छ आठवतो. बाबा जाऊन काही वर्षं झाली होती. तू हॉस्पिटलात आया होतीस, दिवसपाळी, रात्रपाळी, मिळेल ती, आणि मला शेजारच्या खोलीतल्या मावशीनेच वाढवलं होतं म्हटलं तरी चालेल. माझ्या वेण्या तिने घातल्या, ताप आला तर उशाशी ती बसली. आपल्या मजल्यावर अशी घरं होती, जिथली माणसं आपल्याकडे येऊन बसायची, गप्पा मारायची, आणि पाणी मात्र आपापल्या घरी जाऊन प्यायची. मावशी मालवणची. ती मात्र आपल्याकडे येऊन माठातून स्वतःच्या हाताने तांब्या भरून घ्यायची, दार उघडं ठेवून, सगळ्यांदेखत. स्टुडिओत तू तिलाही आणलंस. फोटोवाला म्हणाला, "आधी फॅमिली फोटो घेऊ. त्या बाईंना जरा बाजूला बसू दे." तू खुर्चीवरून उठलीसच. "ही फॅमिलीच आहे," म्हणालीस. "काढायचा तर तिघींचा काढा, नाहीतर आम्ही निघालो." फोटोवाल्याने मुकाट्याने तिसरी खुर्ची आणली. मी तेव्हा लाजून खाली बघत होते, फोटोतही माझी मान तशीच खाली आहे.

मावशी अजून त्याच खोलीत आहे. मुलगा कल्याणला गेला, पण तिला चाळ सोडवत नाही. नात तिच्याजवळ राहते. मी वर्षातून दोनदा-तीनदा जाते, जाताना फळं नेते. मागच्या वर्षी कंपनीने आम्हा कर्मचाऱ्यांना एकेक कॅमेरा वापरायला दिला आणि सांगितलं, तुम्हीही आपल्या शहराचे फोटो काढा, त्यातले निवडक प्रदर्शनात लावू. मी तो पर्समध्ये टाकून मावशीकडे गेले. सकाळची वेळ होती. दार उघडंच होतं. ती मोरीत भांडी घासत बसली होती, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, केस सुटलेले, कवळी काढून ठेवलेली म्हणून गाल आत गेलेले. वरच्या झरोक्यातून ऊन येऊन तिच्या ओल्या हातांवर आणि एका पितळी पातेल्यावर पडलं होतं. मी हाक मारली नाही. कॅमेरा काढला, काच फिरवून नीट जुळवून घेतली आणि फोटो घेतला. या कॅमेऱ्याचा आवाज इतका कमी असतो की तिने मान वर केली नाही. मग मी पर्स बंद केली, दोन पावलं मागे गेले आणि मोठ्याने म्हटलं, "मावशी, आहेस का गं?"

फोटो निवडला गेला. निवडला गेला म्हणजे काय, सगळे त्याच्यासमोरून हलेनात. डायरेक्टर म्हणाले, "हा मधोमध लावायचा." खाली नावाची पट्टी लावायची म्हणून डिझाइनवाल्या मुलीने विचारलं, "कोण आहेत ह्या?"

मी म्हटलं, "माहीत नाही. परळमधल्याच कुणीतरी."

आई, एवढंच म्हटलं. विचार करून नाही, पण चुकूनही नाही. त्या मुलीने इंग्रजीत लिहिलं, अनोळखी बाई, परळ, आणि पुढे फोटो काढणारीचं, म्हणजे माझं नाव.

प्रदर्शन इमारतीच्या तळमजल्यावरच्या मोठ्या हॉलमध्ये होतं. मावशीची नात त्याच इमारतीत खालच्या एका बँकेच्या ऑफिसात कामाला आहे, हे मला माहीत होतं. पण ती तिकडून येईल-जाईल, थांबून बघेल, हे डोक्यातच आलं नाही. उद्घाटनाच्या दिवशी दुपारी तिचा मेसेज आला. "ताई, आजीचा फोटो बघितला! किती मोठा! संध्याकाळी आजीला घेऊन येते." मी धावत खाली गेले. पट्टी काढून टाकायची, मग पुढचं पुढे, असं ठरवून गेले होते. पण फोटोसमोर डायरेक्टर पाहुण्यांना घेऊन उभे होते, आणि मी त्यांच्या मागे हसत उभी राहिले.

संध्याकाळी आमच्या गिऱ्हाइकांनी आपापले अनुभव सांगितले. माटुंग्याचे एक डेंटिस्ट होते. म्हणाले, "या कॅमेऱ्याची खरी मजा काय, तर समोरच्याला पत्ताच लागत नाही. माणूस जसा आहे तसा सापडतो." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. तेवढ्यात दारातून मावशी आली. नातीचा हात धरून, लग्नाकार्यातलं जांभळं रेशमी लुगडं नेसून, केसांत अबोलीचा गजरा, कवळी लावलेली. चकचकीत फरशीवर पाय घसरेल म्हणून जपून टाकत होती. ती थेट फोटोसमोर जाऊन उभी राहिली आणि बराच वेळ बघत राहिली.

"अगो," मी जवळ गेल्यावर म्हणाली, "ही तर मोरी. मला वाटलं, दिवाळीला फोनवर मला खुर्चीवर बसवून काढलेलास, तो लावलास." मग हळूच, "सांगायचंस तरी गो. कवळी लावली असती."

नात पट्टी वाचत होती. तिचा चेहरा बदलताना मी पाहिला. "आजी, इथे लिहिलंय, अनोळखी बाई," ती म्हणाली, आणि माझ्याकडे वळून, "ताई, हे कुणी लिहिलं?"

तेवढ्यात डायरेक्टर आले. त्यांनी फोटोकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं, आणि त्यांना फार आनंद झाला. "अरे, ह्याच ना त्या?" मला म्हणाले, "तुझ्या ओळखीच्या आहेत?"

मी तोंड उघडलं. आई, शपथेवर सांगते, मी हो म्हणणार होते. पण तो हो येईना. डेंटिस्ट बघत होते, डिझाइनवाली बघत होती. आणि मावशीने माझ्याकडे एकदा पाहिलं. लहानपणी तू रात्रपाळीला गेलीस की मी रडायची, तेव्हा बघायची तसं. मग ती डायरेक्टरांकडे वळली.

"नाही हो साहेब," म्हणाली. "ह्या मॅडम आमच्या चाळीत फोटो काढायला आलेल्या. चांगल्या आहेत. आमच्याकडचं पाणीसुद्धा प्यायल्या."

नात "आजी!" म्हणाली. मावशीने तिचा हात घट्ट दाबलेला मला दिसला. डायरेक्टरांनी मावशीबरोबर फोटो काढून घेतला, तिला फुलांचा गुच्छ दिला. ती सगळ्यांना नमस्कार करत गेली. मलाही केला. आणि मी, आई, मीही हात जोडले.

रविवारी गेले. नातीने दार उघडलं आणि आत निघून गेली. मावशीने मात्र नेहमीसारखं "ये गो, बस" म्हटलं, चुलीवरचं म्हणजे आता गॅसवरचं कालवण ढवळायला लागली. मी म्हटलं, "मावशी, त्या दिवशी माझं चुकलं." तिने पाठ न वळवता सांगितलं, "नोकरीच्या जागी घरातलं कशाला काढायचं? माझ्या झिलाने पण सासुरवाडीला सांगितलं नव्हतं, आई दुसऱ्याकडची भांडी घासते म्हणून. तुम्हा शिकलेल्यांचं असतं तसं. मला कळतं. तू जेव." तिने मला शिव्या घातल्या असत्या तर मी त्या घेऊन घरी गेले असते. हे मात्र कुठे ठेवावं ते कळेना. मी जेवले. भात दुसऱ्यांदाही घेतला, कारण ती वाढत होती. निघताना तिने आपण होऊन फोटो काढायला सांगितलं. फ्रिजशेजारी खुर्ची ठेवली, पदर नीट केला, हात गुडघ्यांवर ठेवले. मी तो काढला. छान हसली आहे. त्याची मोठी प्रत करून मी तिला दिली, ती भिंतीवर आहे. त्या मोरीतल्या फोटोत जे आहे, ते त्यात नाही. हेही तुला सांगायला लाज वाटते, पण ते खरं आहे.

पुढे परदेशातून मुख्य ऑफिसचा निरोप आला. जगभरातल्या निवडक फोटोंचं ते दरवर्षी पुस्तक काढतात, यंदा मुखपृष्ठावर मोरीतला फोटो घ्यायचा होता. त्यांना त्या बाईंची संमती हवी होती, आणि फोटोमागची हकीकत, माझ्या शब्दांत. मी कळवलं की फोटो काढण्यापूर्वी मी त्यांना विचारलं नव्हतं, त्यामुळे तो छापणं मला योग्य वाटत नाही, मी तो मागे घेते. डायरेक्टरांनी ते मीटिंगमध्ये वाचून दाखवलं. म्हणाले, याला म्हणतात सचोटी. यापुढे आमच्याकडे समोरच्याला विचारल्याशिवाय काढलेला फोटो लावायचा नाही, असा नियमच झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घातली, त्यांना तो विनय वाटला. मावशीच्या नातीच्याही कानावर कुणीतरी घातलं असावं. परवा लिफ्टमध्ये ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली. "बरं केलंत, ताई," म्हणाली.

तू असतीस तर हे पत्र मी तुला दिलं नसतं. नाहीस म्हणूनच लिहिण्याचा धीर झाला, आणि लिहून झाल्यावर मी ते फाडणार आहे. पण त्याआधी एवढं राहिलं आहे. मावशीला मी त्या पुस्तकाबद्दल विचारलंच नाही. विचारलं असतं तर ती हसून हो म्हणाली असती, आणि मग फोटोखाली तिचं नाव लिहावं लागलं असतं, आणि ती माझी कोण, तेही.