हिरव्या शाईतले शेरे

२६ ऑगस्ट, सोमवार
सत्र सुरू झालं. निबंधलेखनाचे चार वर्ग माझ्याकडे. विषय नेहमीचाच : संशोधन आणि विश्लेषण. ओहायोतल्या या दोन वर्षांच्या कॉलेजात मी बारा वर्षं सत्राच्या बोलीवर शिकवतोय. म्हणजे दर मे महिन्यात माझी नोकरी जाते आणि दर ऑगस्टमध्ये परत लागते. यंदा मात्र विभागात एक कायमची जागा निघाली आहे. ती माझीच आहे. किंबहुना ती माझ्यासाठीच काढली असावी, फक्त आमच्या विभागप्रमुख डोरीनला तसं उघड बोलता येत नाही.

लॉर्नाशी ठरलंय. यंदा ही जागा मिळाली नाही तर जानेवारीपासून तिच्या भावाच्या गालिच्यांच्या दुकानात जायचं. बायकोचं समाधान होत असेल तर हो म्हणायला काय जातं. मी हो म्हटलं.

संकल्प : प्रत्येक निबंधावर फक्त तीन शेरे. शाई हिरवी. लाल शाईने मुलांच्या मनावर ओरखडे उठतात असं मागच्या वर्षी एका कार्यशाळेत सांगितलं होतं.

९ सप्टेंबर, सोमवार
पहिले खर्डे आले. गठ्ठा स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला. लॉर्नाने तो उचलून कपडे धुण्याच्या यंत्रावर ठेवला.

पहिला उघडला. 'अनादी काळापासून मानव झोपत आला आहे.' हा निबंध एनर्जी ड्रिंकवर आहे. दुसऱ्याचा मुद्दा असा की फाशीच्या शिक्षेला दोन बाजू आहेत. कुठल्या, ते लिहिलेलं नाही. नमनाला घडाभर तेल आणि पुढे दिवाच नाही.

आज दोन तपासून झाले. शुक्रवारपर्यंत सगळे संपवणार.

१३ सप्टेंबर, शुक्रवार
संपले नाहीत. तीन शेऱ्यांचा संकल्प पाळतोय, पण एक शेरा किती लांब असावा हे संकल्पात नव्हतं.

आज शेल्बी नोवाकचा खर्डा पाहिला. मुलगी संध्याकाळी एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम करते. तिचा प्रश्न असा : तिथल्या म्हाताऱ्यांना रात्रीचं जेवण दुपारी चारलाच का देतात? विषय बरा आहे, पण लिहिणं म्हणजे शेजारणीशी कुंपणावरून गप्पा मारल्यासारखं. अर्धं पान खोडलं. मग मलाच काही सुचत गेलं. काळ, संस्था, सत्ता. 'असं म्हणता येईल' करत समास भरला, मग मागची बाजूही भरली. हात दुखला, पण असं दुखणं बरं वाटतं.

लॉर्ना म्हणाली, त्या पोरीने लिहिलंय त्याहून तू जास्त लिहिलंयस. मी म्हटलं, यालाच शिकवणं म्हणतात.

२४ सप्टेंबर, मंगळवार
विद्यार्थ्यांना भेटायची माझी वेळ. आम्हा सत्रवाल्यांना खोली नाही, म्हणून मी कँटीनमध्ये सोड्याच्या यंत्राशेजारी बसतो. नेहमीप्रमाणे कुणी आलं नाही.

चुकलो. शेल्बी आली. हातात तिचा खर्डा, माझ्या शेऱ्यांसकट. बोट ठेवून विचारलं, सर, हा शब्द काय आहे? 'कालभान', मी म्हटलं. आणि हा? 'अधोरेखित'. तिने दोन्ही पेन्सिलने नीट लिहून घेतले, थँक्यू सर म्हणाली आणि गेली.

बारा वर्षांत कुठल्या विद्यार्थ्याने माझा शेरा इतक्या बारकाईने वाचला असेल असं वाटत नाही. घरी येताना गाडीत गाणं म्हटलं.

७ ऑक्टोबर, सोमवार
कायमच्या जागेचा अर्ज. त्यात एक नवं कलम आहे : एका विद्यार्थ्याचे दोन निबंध जोडा, कच्चा खर्डा आणि पक्का. दोन्हींमधला फरक पाहून शिक्षकाचा हात कळावा म्हणे. हे कलम डोरीनने मला डोळ्यापुढे ठेवूनच घातलं असणार.

माझा स्वतःचा संशोधनलेखही जोडायचा होता. तो अजून पुरा नाही. आज त्याचं शीर्षक बदललं. रोज एक पान लिहायचं ठरवलंय, उद्यापासून.

१६ ऑक्टोबर, बुधवार
लेख : उद्यापासून.

लॉर्नाने अर्जासोबतचं पत्र वाचलं. म्हणाली, यात 'किंबहुना' फार झालेत. मी म्हटलं, ती माझी शैली आहे. ती म्हणाली, असेल, पण दातांच्या दवाखान्यात मी दिवसभर फोनवर असते आणि हा शब्द आजवर कुणाच्या तोंडून ऐकला नाही. मी वाद घातला नाही. थकलो होतो. कपड्यांच्या यंत्रावर अजून दोन गठ्ठे आहेत, आणि ते यंत्र चालू झालं की वरचे निबंध हळूहळू कडेला सरकत जातात.

११ नोव्हेंबर, सोमवार
आजचा दिवस लिहून ठेवलाच पाहिजे.

पक्के निबंध आले. कंटाळत कंटाळत वाचत होतो. अनादी काळापासून झोपणारा मानव आता 'प्राचीन काळापासून' झोपतो, एवढीच सुधारणा. मग शेल्बीचा निबंध हाती आला, आणि मी खुर्चीत सरळ बसलो.

'वृद्धाश्रमातलं घड्याळ भूक मोजत नाही, सत्ता मोजतं.' हे वाक्य! पुढे : 'चारचं जेवण हे जेवण नसून, किंबहुना, दिवस लवकर संपवण्याचा संस्थात्मक आग्रह आहे.' एकोणीस वर्षांची मुलगी! तिच्या वाक्यांना एक चाल आहे, ती मला फार ओळखीची वाटली. उत्तम लेखन वाचताना असंच होतं, आपल्याच मनातलं कुणी बोलल्यासारखं वाटतं.

क्षणभर शंका आली. कॉलेजच्या चोरी पकडणाऱ्या प्रोग्रॅममधून निबंध काढला. शून्य टक्के. यातलं एकही वाक्य जगात कुठेही छापलेलं नाही. मला स्वतःचीच लाज वाटली, पोरीवर संशय घेतला म्हणून.

अर्जाला हाच निबंध जोडणार.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार
शेल्बीची परवानगी घेतली. ती म्हणाली, जोडा की, त्यात काय, पण मला ए ग्रेड मिळेल ना? नर्सिंगला जायचंय तिला. म्हटलं, तुला नर्सिंगपेक्षा मोठं काहीतरी करता येईल. ती म्हणाली, नको सर, नर्सिंगच बरं.

दोन्ही निबंध जोडले आणि अर्ज पाठवला. कच्चा खर्डा माझ्या हिरव्या शेऱ्यांसकट, म्हणजे शिक्षकाचा हात दिसेल. लॉर्नाने विचारलं, दोन्ही परत एकदा वाचलेस का? आपलेच शेरे कुणी परत वाचतं का. डॉक्टर लिहून दिलेली चिठ्ठी परत वाचत बसत नाही.

२८ नोव्हेंबर, गुरुवार
थँक्सगिव्हिंग. जेवण लॉर्नाच्या भावाकडे, ड्वेनकडे. टर्की कोरडी होती, पाय छान होता, म्हणजे गोडाचा. भोपळ्याचा.

ड्वेन मला गेली कित्येक वर्षं प्रोफेसर म्हणतो. आज म्हणाला, प्रोफेसर, दुकानात तुझी जागा राखून ठेवलीय हं, कोट घालून आलास तरी चालेल, फक्त गिऱ्हाइकाला गालिच्याचा अर्थ समजावत बसू नकोस, रंग कोणता हवा तेवढं विचार. सगळे हसले. लॉर्नाही हसली. मीही हसलो, कारण बुधवारी मुलाखत आहे आणि ती काय होणार हे मला माहीत आहे.

४ डिसेंबर, बुधवार
मुलाखत झाली. जसं झालं तसं लिहितो.

समितीत डोरीन, डीनच्या कार्यालयातल्या एक बाई आणि बाहेरच्या विभागाचे म्हणून रसायनशास्त्राचे प्रेसकॉट. डोरीन म्हणाली, रसेल, शेल्बीच्या पक्क्या निबंधातला तुला सगळ्यांत आवडलेला परिच्छेद वाच ना. मी वाचला. घड्याळ, सत्ता, सगळं. चांगला वाचतो मी. मग तिने कच्चा खर्डा उलटा करून माझ्याकडे सरकवला. म्हणाली, आता हे वाच.

माझंच अक्षर होतं. हिरवं. 'असं म्हणता येईल : वृद्धाश्रमातलं घड्याळ भूक मोजत नाही, सत्ता मोजतं.' पुढची वाक्यंही तीच. किंबहुनासुद्धा जागच्या जागी.

डीनच्या बाई पाणी प्यायल्या. मी म्हणालो, प्रभाव. गुरूचा शिष्यावर प्रभाव पडतो, त्याचं हे उदाहरण आहे. डोरीन म्हणाली, हो, पडलाय खरा.

एवढ्यावर निभावलं असतं. पण प्रेसकॉटना काही कळलं नव्हतं, किंवा फार कळलं होतं. ते म्हणाले, निबंध छान आहे, मी दोनदा वाचला, पण जेवण चारलाच का देतात ते मला सापडलं नाही. मी बोललो. बराच वेळ बोललो. औद्योगिक काळ, संस्था, शरीर. थांबलो तेव्हा ते म्हणाले, हो हो, पण का?

एकंदरीत मुलाखत बरी झाली.

५ डिसेंबर, गुरुवार
नाही झाली बरी.

शेल्बीला फोन केला. रागावलो नव्हतो, म्हणजे फार नव्हतो. विचारलं, तू माझे शेरे जसेच्या तसे उतरवलेस? तिला प्रश्नच कळेना. म्हणाली, सर, तुम्ही लिहिलं होतंत, असं म्हणता येईल. म्हणून मी तसं म्हटलं.

मी म्हटलं, अगं, ते तू विचार करावास म्हणून होतं. ती म्हणाली, केला की विचार. तुम्हालाच जास्त चांगलं येतं असं वाटलं. आणि सगळेच करतात सर. तुमच्या शेऱ्यांचे फोटो काढून आम्ही ग्रुपवर टाकतो, अक्षर लागत नाही म्हणून. तुम्हाला तुमचं लिहिलेलं आवडतं हे दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं सगळ्यांना. राग नका मानू, पण माझा ए जाणार नाही ना?

यंत्रावरचे गठ्ठे खाली उतरवले. ज्यांना ज्यांना ए दिला होता त्यांचे दोन्ही खर्डे शेजारी ठेवून पाहिले. सगळे मीच. ज्यांनी शेरे वाचलेच नाहीत, त्यांना सी.

वाईट वाटलं. राग येईल असं वाटत होतं, तो आलाच नाही.

११ डिसेंबर, बुधवार
डोरीनने बोलावलं. चांगली वागली. म्हणाली, रसेल, जागा इंडियानाहून आलेल्या एका मुलीला दिली. माझे नेहमीचे चार वर्ग वसंताच्या सत्रातही मिळतील, हवे तर. हेही म्हणाली की, तू मुलांना जीव लावतोस हे मला दिसतं, फक्त त्यांना लिहायला जागा ठेवत नाहीस. मी आभार मानले आणि खाली येऊन गाडीत बसून राहिलो.

घरी लॉर्नाला सांगितलं.  तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला, मग ड्वेनला फोन लावायला आत गेली. बोली ती बोली. सहा जानेवारीपासून गालिचे.

१५ डिसेंबर, रविवार
ग्रेड भरायची उद्या शेवटची तारीख. शेल्बीचं काय करावं कळेना. नियमाप्रमाणे चोरी म्हणजे शून्य. पण फिर्यादी मी, माल माझा, आणि तो तिच्या हातात मीच दिलेला.

तिचा कच्चा खर्डा काढला आणि हातात पेन न घेता वाचला. हिरव्याखालचं वाचायला वेळ लागतो. जिथे मी आडवी रेघ मारली होती तिथे तिने लिहिलंय की चारला ट्रॉली ढकलत नेली तेव्हा बरेचसे म्हातारे आधीच हात धुऊन दाराशी बसले होते, काहींचं तर अजून दुपारचंच जेवण जिरलं नव्हतं, आणि तरी एकानेही वेळेबद्दल तक्रार केली नाही, ते कसं? मग तिने आपल्याच मनाने काही कारणं लिहिली आहेत आणि स्वतःच खोडली आहेत. शेवटी : 'आमच्या स्वयंपाकघरात मिसेस ओडेल सर्वांत जुन्या. ही वेळ ठरली तेव्हा त्या तिथेच होत्या. मंगळवारी त्यांना विचारून पुढे लिहीन.'

त्यावर माझा शेरा : 'स्वयंपाकीण हा अभ्यासपूर्ण संदर्भ होऊ शकत नाही.' दोनदा अधोरेखित.

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा एखाद्या निबंधात पुढे काय झालं हे मला कळायला हवं असं वाटलं. मनापासून वाटलं. शेल्बीला लगेच मेल केली : मिसेस ओडेल काय म्हणाल्या?

१६ डिसेंबर, सोमवार
शेल्बीचं उत्तर आलं. नाही विचारलं सर, तुम्ही चालत नाही म्हणालात ना. आता मी तिथलं काम सोडलंय, मिसेस ओडेलही मुलीकडे टेक्सासला गेल्या. ग्रेड कधी लागेल?

ए लावला. शेऱ्याची चौकट रिकामी सोडली. कॉम्प्युटर तेवढ्यावर पुढे जाऊ देईना, म्हणून टिंब दिलं.

लॉर्ना भांडी पुसत होती. म्हणाली, आता काय झालं? म्हटलं, काही नाही, त्या म्हाताऱ्यांना चारलाच का जेवायला वाढतात ते शेवटपर्यंत कळलं नाही.

ती म्हणाली, अरे, भूक लागत असेल.

मुद्दा रोचक आहे. पण आधार दाखवलेला नाही.