आबांनी औषधाचं पाणी वाटलं

मंगळवार, संध्याकाळ. सुरत.

आज शिरूरला आबांच्या पोटाचा सीटी स्कॅन होता. झालाच न्हाई. आतडं नीट दिसावं म्हणून बाटलीभर औषधाचं पाणी प्यायला दिलं, तर आबांनी अर्धं शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याला पाजलं! नर्स म्हणाली, परवा या. आई फोनवर कावलेली. आबा म्हणाले, "आरं, त्यो बघत व्हता. एकट्यानं कसं प्यायचं?" मेंढरांमागं रानात सगळे वाटूनच पाणी प्यायचे. मी लई हसलो. मग आईनं हळूच सांगितलं, परसाकडंला रक्त पडतंय, डॉक्टरला गाठीचा संशय हाय. हे मला आज कळतंय! आन् मी पाण्यावर हसत बसलो. गाठ निघाली तर? आबांना परत फोनवर घेऊन विचारलं, "दुखतंय का वो?"

"न्हाई," म्हणाले, आन् फोन आईकडं दिला. आबा असा कधी फोन सोडत न्हाईत.