यादीत नसलेली आत्या

नांदेड, मंगळवार

आदरणीय दाजी,

नमस्कार. इकडे बाळ-बाळंतीण खुशाल. तुमची कंबर बरी असेल. नसल्यास आडतीवर पोती मोजा, उचलू नका. फोनच केला असता, पण ताईनं माझा नंबर ब्लॉक केलाय आणि तुमचा फोन तीच उचलते.

झालं असं, की बारशाच्या आवतनासाठी मी वेबसाइट केली. (नऊ वर्षं हेच काम करून राहिलो, घरच्यांना एकदा दिसावं म्हणून.) पाहुण्यानं नाव टाकायचं, ते यादीत आहे का, हे संगणक पाहतो आणि हो किंवा नाही सांगतो. तिसरं उत्तर त्याला येत नाही. आपली सगळी सोयरीक तिसऱ्या उत्तरावर चालते, हे मी विसरलो. यादी आईनं सांगितली, तिच्या रीतीनं : उदगीर, वैजनाथराव, चूलबंद. म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरी चूल पेटायची नाही, सगळ्यांनी इकडं जेवायचं. आईला त्यात सहा माणसं दिसतात, संगणकाला एक. ताईनं हौसेनं स्वतःचं नाव टाकलं, 'दीपाली'. उत्तर आलं : क्षमस्व, आपण निमंत्रित नाही. (हे वाक्य सभ्य वाटावं म्हणून मी तीनदा बदललं होतं.) मग तिनं तुमचं नाव टाकलं. सुस्वागतम, आणि वरून फुलं पडली.

फोनवर ती एवढंच बोलली, "माझ्या माहेरात ह्यांचं नाव हाय आन् माझं न्हाई? मंग बाळाच्या कानात कुर्र तुझ्या कम्प्युटरलाच करायला लाव." संगणक त्याच्या जागी बरोबर आहे, असं मी तिला समजावलं. तेव्हापासून नंबर ब्लॉक आहे.

काळजी नसावी, दुरुस्ती झाली आहे. भामाबाईंना, म्हणजे तुमच्या मातोश्रींना, नमस्कार.

तुमचा मेहुणा,
अमरेश

ता. क. : रविवारी ताईला घेऊनच या. आत्याशिवाय नाव कोण ठेवणार? ती आली नाही तर आई पाळणा बांधू देणार नाही. हे पत्र तिला दिसेल असं कुठंतरी विसरा.

ता. क. २ : दुरुस्ती अशी, की सगळी नावं एका ओळीत जोडली (ताईचं पहिलं) आणि टाकलेली अक्षरं त्यात कुठंही सापडली की 'हो'. मात्र काहीच न टाकता बटण दाबलं तरी 'हो' येतं. आतापर्यंत चारशे लोकांनी काहीच टाकलेलं नाही. आचारी चन्नबसप्पा दुसरी कढई शोधून राहिला.

ता. क. ३ : मुलासाठी आम्ही पाच नावं काढून ठेवलीत. ताई मुद्दाम त्या यादीत नसलेलं नाव ठेवणार, हे मला ठाऊक आहे. ठेवू दे. बायकोला अजून विचारलेलं नाही.