कोयता शेजारणीच्या हाती

आये, तू गेलीस त्याला चोवीस वर्षं झाली आणि तुला पहिल्यांदा लिहितेय. तुला वाचता येत नव्हतं, हे माहीत असून लिहितेय. तुझी नात तुरुंगात आहे गं.

बाजारातली तुझी जागा मी तिला दिली होती, मी शेजारीच बसते. त्या सकाळी एक गिऱ्हाईक आलं. पापलेटाचे कल्ले उघडून बघितले आणि शिळं म्हणून तोंड वाकडं केलं. "माझी आजी बसायची या जागेवर. तिनं कधी शिळं विकलं नाही," पोरगी म्हणाली. तो हसला. "आजी मासळीच विकायची ना? का दुसरं काही? तुम्ही कोळणी सगळ्या तसल्याच." हिच्या हातात कोयता होता. त्याची दोन बोटं आता मिटत नाहीत.

तुलाही असंच बोलला होता एक जण. मी नऊ वर्षांची, तुझ्या पाटीमागं बसलेली. तू आधी कोयता शेजारच्या मावशीच्या हातात दिलास. बाजाराची रीतच ती. भांडण पेटलं की कोयता शेजारणीकडे द्यायचा, आणि डोकं फिरलेलीला सुचलं नाही तर शेजारणीनं स्वतःहून काढून घ्यायचा. मग कमरेवर हात ठेवून तू त्याचे असे वाभाडे काढलेस की मेला पिशवी टाकून पळाला! मारलं का नाहीस, मी विचारलं. "कोयता मासली कापाला हाय बाय, मानूस कापाला नाय," म्हणालीस आणि पुढच्या बाईचे बोंबील साफ करायला घेतलेस. केवढा अभिमान वाटला होता मला. पण घरी येऊन तू चुलीपुढं बसतेस, पदरात तोंड खुपसून रडतेस, ते मी अजून बघतेय. दोन दिवस जेवली नाहीस. तो मात्र पोटभर जेवला असेल कुठंतरी.

मग बरोबर कोण, सांग ना. शब्दानं बोटं कापली जात नाहीत, कळतं मला. परवा त्याची बायको बाजारात आली, नुसती माझ्याकडे बघत उभी राहिली. मला मान वर करवेना. पण तो जे बोलला, ते काहीच नव्हतं का? वकील म्हणतात, शिवीमुळे शिक्षा थोडी कमी होईल, सुटका नाही. भेटीला गेले की पोरगी एकच विचारते, "आई, माझं चुकलं का?" आणि मी विचारते, जेवलीस का.

हे पत्र टाकणार कुठं? तुझ्या जागेवरच्या फळीखाली सारून देईन, भिजून जाईल. सगळे म्हणतात, क्षणात झालं, कुणाला काही करायला वेळच नव्हता. पोलिसांना मीही तेच सांगितलं. वेळ होता, आये. त्याचं बोलून झाल्यावर तिनं माझ्याकडे बघितलं, कोयता धरलेला हात माझ्या बाजूला केला. मला तुझं चुलीपुढचं रडणं आठवलं, आणि मी तो घेतला नाही.