तिसऱ्या खंडातलं मरण

थॉर्नक्लफ, यॉर्कशायर
१२ नोव्हेंबर १८६१

टॅबिथा,

तू खुशाल असशीलच. लंडनात तुझी कादंबरी हातोहात खपतेय, मग खुशाल नसायला काय झालं? इकडे धुकं आहे आणि मला जरा खोकला आहे. चौकशी एवढी पुरे.

तुझ्या कादंबरीतला नास्तिक पाथरवट मीच, हे आंधळ्यालाही कळेल. माझा मोडका अंगठा उचललास, थडग्यांवर अक्षरं कोरायचा माझा धंदा उचललास, लग्नाला नाही म्हणालीस ती वाक्यंसुद्धा उचललीस. 'देवाला न मानणाऱ्याशी संसार कसा करू?' छापल्यावर काय शोभतंय! आणि तिसऱ्या खंडात मला छातीच्या दुखण्याने मारलंस. मरताना मी गुडघे टेकतो, रडतो, क्षमा मागतो. अगं, निदान विचारायचं तरी.

परवा पाद्रीसाहेबांची बायको अंगणात येऊन म्हणाली, "मिस्टर ओल्डरॉइड, अजून वेळ गेलेली नाही." मी म्हटलं, "बाई, तुमच्याच सासऱ्याचा दगड कोरतोय, वेळ कुठला?" गावाची ही थट्टा मी पचवली असती.

पण ती कादंबरी माझ्या लेकीने, फीबीने वाचली. आई गेल्यापासून ही पोर माझ्यावाचून घास घेत नाही. रोज सकाळी माझी खिडकी सताड उघडी, अंथरूण ओलं. शेवटी रात्री अंथरुणावर पाणी शिंपडताना तिला पकडली, तर म्हणते, "बाबा, तुम्ही आजारी पडलात की गुडघे टेकाल. पुस्तकात तसंच आहे. मग आपण तिघं वर एकत्र राहू." मी रागावलो नाही. तिच्यावर काय रागावणार?

डॉक्टर म्हणतो, दगडाची धूळ छातीत बसलीय, हिवाळा निघायचा नाही. ओल्या अंथरुणाचा यात दोष नाही. पण फीबीला ते पटत नाही. मी गुडघे न टेकता मेलो, तर आपण बापाला मारलं आणि वर नरकात धाडलं, असंच ती जन्मभर धरून बसेल.

तुला मागणी घातली तेव्हा एक शब्द खोटा बोललो असतो, तर तू माझी झाली असतीस. बोललो नाही. आता बोलणार आहे. रविवारी पाद्रीला बोलावलंय. पोरीसमोर गुडघे टेकून तुझीच वाक्यं म्हणेन. पाठ झालीत. रडणं जमेल की नाही, सांगता येत नाही.

लोक म्हणतील, पुस्तक खरं ठरलं. ते खोटं आहे, हे जगात तुला एकटीला ठाऊक असेल. फीबीला सांगायचं नाही, कुठे छापायचं नाही. देवळात गुडघे टेकशील तेव्हा आठवत जा.

तुला क्षमा न केलेला,
जेबेझ ओल्डरॉइड