डिरेकचा फलक

इलोइलो, फिलिपिन्स, १४ मार्च १९९८, दुपारी तीन वाजून दहा मिनिटे. ब्रश धुऊन ठेवले.

दिग्दर्शक साल्वाडोर, म्हणजे सगळ्यांचे 'डिरेक', यांस,

तुमच्या चित्रपटांच्या महोत्सवाचा कापडी फलक मी रंगवला आहे. माझे वडील शेवटच्या आजारात असताना तुम्ही त्यांच्या उशाशी कॅमेरा लावलात, नंतर फिल्मवरचा त्यांचा चेहरा टाचणीने खरवडलात. आईला म्हणालात, "बाई, चेहरा गेला की माणूस सगळ्यांचा होतो." तुम्हाला परदेशात बक्षीस मिळाले. आमच्याकडे वडिलांचे दुसरे चित्र नव्हते.

आज मी तुमचा चष्मा, सदरा नेटका रंगवला आणि चेहरा ओला असतानाच खिळ्याने खरवडला. शेजारच्या मानांग नेल्डा, गल्लीतल्या सगळ्यांच्या थोरल्या ताई, ओरडल्या, "मेल्या, मजुरी बुडेल ना!" मग बराच वेळ बघत राहिल्या. "पण तुझ्या हातून असं जिवंत काही आधी झालं नव्हतं रे."

खरे आहे. दहा वर्षे मी हुबेहूब चेहरे काढले, त्यांच्यापुढे कोणी थांबले नाही. रीत तुमची आहे, हेच मला सर्वात जास्त सलते.

हे पत्र टाकणार नाही, नाहीतर तुम्ही सावध व्हाल. सहा वाजता फलक थिएटरवर चढेल. तो उतरवण्याइतकी उंच शिडी फक्त माझ्याकडे आहे, आणि ती मी देणार नाही.

तुमच्याकडूनच शिकलेला,
एलिआझर